साडेसात बारचा विमा

कारखान्यात 'ऑडिट' हा शब्द उच्चारला की सगळे एकदम सावध होतात. खरं तर एनर्जी ऑडिटला आलेला माणूस कुणाच्या वह्या तपासायला आलेला नसतो. वीज, कोळसा, गॅस, डिझेल, जे काही गेटातून आत येतं त्यातलं किती मालात गेलं आणि किती नुसतंच हवेत गेलं, एवढा हिशोब त्याला लावायचा असतो. तरीही तो आला की मेंटेनन्सचा हेल्पर घाईघाईने सांडलेलं तेल पुसायला लागतो, लॉगबुकातले राहिलेले रकाने एकाच पेनाने भरले जातात आणि सुपरवायझर तीन-तीनदा चहा विचारतो. आज ह्या सावधपणाबद्दलच लिहायचंय. कारण माझं हळूहळू असं ठाम मत झालंय की ऊर्जा वाया जाण्याचं मोठं कारण ह्या सावधपणामागच्या भीतीतच दडलेलं आहे, आणि आपली ऑडिटं नेमकं तेवढं सोडून बाकी सगळं मोजतात.

आता तुम्ही म्हणाल, तू सॉफ्टवेअरवाला, तुझा काय संबंध? तर मी ज्या टीममध्ये आहे ती कारखान्यांतल्या मीटरचा डेटा गोळा करून त्याचे ग्राफ दाखवणारं सॉफ्टवेअर बनवते. मीटर कुठे बसवायचे, काय मोजायचं हे कळायला ऑडिटर मंडळींच्या मागे हिंडावं लागतं. त्यामुळे भोसरी, चाकण, कोल्हापूर अशा ठिकाणी बऱ्याच शेड्समध्ये मी हातात वही घेऊन फिरलोय. एसीत बसून कोड लिहिणाऱ्याला ते फिरणं म्हणजे शिक्षणच!

आधी थोडी पार्श्वभूमी. आपल्याकडे ऊर्जा संवर्धन कायदा २००१ साली झाला आणि मार्च २००२ मध्ये त्याच्याखाली दिल्लीला 'ब्युरो ऑफ एनर्जी एफिशिएन्सी', म्हणजे बीईई, सुरू झालं. घरच्या फ्रिजवर आणि एसीवर जे तारे दिसतात ते ह्यांचेच. महाराष्ट्रात हे काम पुण्याची 'महाऊर्जा' बघते. कायद्याने काही मोठे ऊर्जाग्राहक ठरवून दिले आहेत. सिमेंट, पोलाद, खतं, कागद, वीजनिर्मिती वगैरे. त्यांना मान्यताप्राप्त ऑडिटरकडून ऑडिट करून घेणं बंधनकारक आहे आणि २०१० च्या नियमांप्रमाणे ते साधारण दर तीन वर्षांनी करायचं असतं. बाकीचे कारखाने ऑडिट करतात ते स्वखुशीने, किंवा बँकेने नाहीतर परदेशी गिऱ्हाइकाने मागितलं म्हणून, किंवा बिल बघून मालकाच्या पोटात गोळा आला म्हणून.

ऑडिटर येतो तेव्हा सगळ्यात आधी काय मागतो? वर्ष-दोन वर्षांची विजेची बिलं आणि त्याच महिन्यांचे उत्पादनाचे आकडे. मला हा भाग सगळ्यात आवडतो, कारण एकही यंत्र न लावता, एक्सेलमध्ये दहा मिनिटांत, कारखान्याची कुंडली समोर येते. आडव्या अक्षावर उत्पादन, उभ्या अक्षावर युनिट्स. बारा महिन्यांचे बारा ठिपके. त्यातून एक सरळ रेघ काढायची. शाळेत शिकलेली रेघच ती, वाय इज इक्वल टू एमएक्स प्लस सी. शाळेत तो 'सी' कशाला असतो हे कुणी सांगितलं नव्हतं, ते इथे कळतं!

समजा एका महिन्यात ४०० टन माल निघाला आणि २ लाख ४० हजार युनिट लागली. दुसऱ्या महिन्यात ३०० टन निघाला आणि २ लाख लागली. म्हणजे १०० टन माल कमी झाला तर ४० हजार युनिट वाचली, टनाला ४०० युनिट. पण ४०० टनांना ह्या हिशोबाने १ लाख ६० हजारच लागायला हवी होती. वरची ८० हजार कुठे गेली? तो 'सी'. एक टनही माल काढला नाही तरी कारखाना महिन्याला ८० हजार युनिट खाणार. दिवे, पंखे, ऑफिसचे एसी, रिकामे फिरणारे पंप, गळणारी हवा, सगळं त्यात आलं. युनिटला आठ रुपये धरले तरी महिन्याला ६ लाख ४० हजार रुपये.

ह्या 'सी'ची एक गंमत लक्षात ठेवा. सगळे मॅनेजर 'टनाला किती युनिट' हा आकडा मीटिंगमध्ये सांगतात. वरच्या उदाहरणात ३०० टनांच्या महिन्यात तो ६६७ येतो आणि ४०० टनांच्या महिन्यात ६००. म्हणजे ऑर्डर वाढल्या की कुणीही काहीही न करता दहा टक्के 'बचत' होते, अभिनंदनाचे मेल जातात. मग मंदी आली की तेच लोक नालायक ठरतात. असो.

दुसरी गोष्ट म्हणजे सुट्टीच्या दिवशीचा फेरफटका. पिंपरी-भोसरी पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. गुरुवारी मशीन बंद, शेडमध्ये शांतता, आणि त्या शांततेत सगळीकडून फुस्स्स.. असा आवाज. हवेची गळती. एरवी मशीनच्या खडखडाटात हा आवाज कुणाच्या कानावर पडत नाही. साबणाचं पाणी ब्रशने जॉइंटला लावलं की बुडबुडे येतात. अल्ट्रासॉनिक यंत्रंही मिळतात, पण गुरुवारी दोन कान पुरतात.

कॉम्प्रेस्ड हवा ही कारखान्यातली सगळ्यात महाग गोष्टींपैकी एक आहे हे मला इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत कळलं नव्हतं. कॉम्प्रेसरला दिलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामाच्या जागी साधारण १० ते १५ टक्केच उपयोगी पडते, बाकीची बहुतेक उष्णता होऊन जाते. सात बार दाबाच्या लाइनला ३ मिलिमीटरचं एक भोक पडलं तर साधारण ३ किलोवॅट वाया जातात. वर्षभर लाइन चालू राहिली तर २६ हजार युनिट, म्हणजे दोन लाखांच्या वर. तांदळाच्या दाण्याएवढं भोक! आणि देखभाल नीट नसलेल्या कारखान्यात कॉम्प्रेसरच्या क्षमतेच्या २० ते ३० टक्के हवा गळतीत जाणं अगदी सर्रास आहे.

गळती मोजायची पद्धतही सोपी. सुट्टीच्या दिवशी सगळी मशीन बंद ठेवून कॉम्प्रेसर चालू करायचा आणि घड्याळ घेऊन बसायचं. हवा कुणीच वापरत नाही, तरी दाब उतरतो, कॉम्प्रेसर लोड घेतो, दाब चढला की अनलोड होतो. समजा दोन मिनिटं लोड आणि सहा मिनिटं अनलोड. दोन भागिले आठ, म्हणजे २५ टक्के. कॉम्प्रेसरची पाव क्षमता नुसत्या भोकांसाठी राबतेय. शिवाय स्क्रू कॉम्प्रेसर अनलोड असतानाही पूर्ण भाराच्या पाव ते एक तृतीयांश वीज खातच असतो, तो खर्च वेगळा.

इथपर्यंत सगळं गणित आहे, आणि ऑडिटर हे गणित उत्तम करतात. माझी तक्रार पुढे सुरू होते.

अशाच एका ऑडिटमध्ये कॉम्प्रेसर साडेसात बारला सेट केलेला होता. मशीनच्या मॅन्युअल्समध्ये सगळीकडे साडेपाच ते सहा. दाब एक बारने उतरवला तर वीज साधारण ६ ते १० टक्क्यांनी कमी लागते, शिवाय गळतीही कमी होते, कारण भोकातून हवा निसटते तीही दाबामुळेच. तर ऑडिटरने कॉम्प्रेसर रूममधल्या काकांना विचारलं, साडेसात कशाला? काका म्हणाले, "आधीपासून तेवढंच आहे साहेब." आधीपासून म्हणजे कधीपासून? तर बऱ्याच वर्षांपूर्वी एकदा रात्रपाळीत लांबच्या टोकाच्या मशीनला हवा कमी पडली, मशीन ट्रिप झालं, सकाळी तेव्हाच्या मॅनेजरने ऑपरेटरला सगळ्यांसमोर झापलं. त्या दिवशी कुणीतरी सेटिंग वाढवून टाकलं. तो मॅनेजर गेला, ते मशीनही भंगारात गेलं, साडेसात मात्र तसंच राहिलं.

रिपोर्टात काय लिहिलं गेलं? 'दाब ६ बारपर्यंत कमी करावा. गुंतवणूक शून्य. परतफेड तात्काळ.' अगदी बरोबर. आणि मला खात्री आहे की तो दाब कमी झाला नसणार.

का नसणार? जरा काकांच्या जागी उभे राहून बघा. दाब साडेसातला ठेवला तर कंपनीचे पैसे जातात, पण ते कुणाच्याही नावावर जात नाहीत. बिल अकाउंट्समध्ये येतं, तिथून भरलं जातं, काकांनी ते आयुष्यात बघितलेलं नसतं. दाब सहावर आणला आणि वर्षातून एकदा मशीन बंद पडलं, तर मात्र पहिला फोन कुणाला येणार? वाचलेल्या साडेतीन लाखांतून त्यांना एक पेढाही मिळणार नाही, पण बंद पडलेल्या एका तासाचा मेमो त्यांच्याच फायलीत लागणार. अशा परिस्थितीत शहाणा माणूस जे करेल तेच काका करतात. ते विमा उतरवतात. हप्ता कंपनी भरते.

माझा मुद्दा थोडक्यात हा आहे: कारखान्यात वाया जाणारी बरीचशी ऊर्जा अज्ञानामुळे वाया जात नाही. तो ज्याच्या हातात नॉब आहे पण अधिकार नाही अशा माणसाने उतरवलेला विमा असतो. आणि विम्याला 'अपव्यय' म्हणून कितीही लेक्चर दिलं तरी माणूस विमा मोडत नाही. भीती गेली तरच मोडतो.

एकदा हा चष्मा लावला की सगळीकडे तेच दिसायला लागतं. पंप बघा. प्रोसेसवाल्याच्या हिशोबाने गरज १६ किलोवॅटची. तो दहा टक्के वाढवतो, न जाणो कमी पडलं तर. कन्सल्टंट त्यावर अजून दहा टक्के चढवतो, कारण सही त्याची. झाले एकोणीसच्या वर. बाजारात साडेअठराची मोटर मिळते आणि त्यानंतर थेट बावीसची. मग बावीसचा संच येतो. आता पाणी जास्त येतं, म्हणून ऑपरेटर व्हॉल्व्ह अर्धा बंद करतो. झालं. पुढची पंधरा वर्षं ॲक्सिलरेटर पिळून ठेवून ब्रेकवर गाडी चालवायची! पंपाचा वेग ८० टक्क्यांवर आणला तर वीज साधारण निम्मी लागते, कारण शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. (पाणी उंच टाकीवर चढवायचं असेल तर एवढी बचत होत नाही, हेही सांगायला हवं. रिपोर्टात बऱ्याचदा ते सांगायचं राहून जातं.) ह्या साखळीत कुणी चोर नाही, कुणी मूर्खही नाही. प्रत्येकाने फक्त आपापल्या सहीपुरता विमा उतरवला.

फाउंड्रीत गेलात तर इंडक्शन भट्टी. साचे तयार व्हायला उशीर झाला तरी वितळलेलं लोखंड तापतं ठेवलं जातं, वेळ आली आणि धातू थंड असला तर कास्टिंग रिजेक्ट होईल म्हणून. झाकण उघडंच, कारण सारखं कोण काढणार-घालणार? तापलेल्या पृष्ठभागातून बाहेर पडणारी उष्णता निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते, त्यामुळे हजाराच्या वरच्या तापमानाला उघडं झाकण म्हणजे विजेची उघडी तोटी. नीट चालवलेल्या भट्टीला एक टन लोखंडाला साधारण साडेपाचशे ते सहाशे युनिट लागतात, आणि भट्टी नुसतीच 'होल्ड' करत बसली की हा आकडा चढत जातो. पण रिजेक्शनचा रिपोर्ट रोज निघतो, होल्डिंगच्या युनिट्सचा निघतच नाही. मग भट्टीवाला कशाला घाबरणार?

आपण आयटीवाल्यांनी हसायचं कारण नाही बरं का. तीन सर्व्हर पुरतील तिथे आपण आठ घेतो. टाइमआउट तीस सेकंद का, तर आधीपासून तेवढाच आहे. कॉन्फिग फाइलमध्ये एखादा आकडा असतो ज्याला हात लावायची कुणाची छाती होत नाही, कारण तो ज्याने लिहिला तो कधीच कंपनी सोडून गेलाय आणि शेवटच्या वेळी कुणीतरी तो बदलला तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत प्रॉडक्शन झोपलं होतं. क्लाउडचं बिल फायनान्सला जातं, आणि पहाटे तीनचा फोन मात्र आपल्याला येतो. तेच साडेसात बार!

मग ऑडिटचे रिपोर्ट कपाटात का पडून राहतात ह्याचं उत्तर सोपं होतं. दीड-दोनशे पानी रिपोर्ट हा बिल भरणाऱ्याच्या भाषेत लिहिलेला असतो: बचत, गुंतवणूक, परतफेडीचा काळ. नॉब फिरवणाऱ्याच्या भाषेत त्यात एक ओळ नसते. त्यात ऑडिटचं काम बरेचदा सगळ्यात कमी दराच्या टेंडरला जातं, मग कारखाना न बघताही लिहिता येतील अशाच शिफारशी येतात. एलईडी लावा, मोटर बदला, व्हीएफडी बसवा, कंडेन्सेट परत आणा. चुकीच्या नसतात त्या, पण कुठूनही उचलून कुठेही चिकटवता येतात. महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांना एप्रिल २०२० पासून केव्हीएएच बिलिंग लागू झालं, त्यामुळे पॉवर फॅक्टरचा जुना वेगळा इन्सेंटिव्ह संपला. त्यानंतर लिहिलेल्या एका रिपोर्टात तोच इन्सेंटिव्ह 'बचत' म्हणून दाखवलेला मी स्वतः पाहिलाय. कॉपी-पेस्ट काय फक्त आपल्याच धंद्यात असतं होय?

आता दुसरी बाजू. ऑडिटमधून काहीच होत नाही असं मी म्हणत नाहीये. २०१२ साली बीईईने 'पॅट' नावाची योजना आणली. परफॉर्म, अचीव्ह अँड ट्रेड. आठ क्षेत्रांतल्या ४७८ कारखान्यांना प्रत्येकी ठरावीक लक्ष्य दिलं. जास्त वाचवलं तर प्रमाणपत्रं मिळणार, ती विकता येणार. कमी पडलं तर ती विकत घ्यावी लागणार, नाहीतर दंड. तीन वर्षांच्या पहिल्या फेरीत लक्ष्य होतं ६६.८६ लाख टन तेलाइतक्या ऊर्जेचं, बचत झाली ८६.७ लाख टनांची. लक्ष्यं सोपी होती अशी टीका झाली आणि ती विचारात घेण्यासारखी आहे. पुढे २०२२ च्या दुरुस्तीने कार्बन क्रेडिट व्यापाराची तरतूदही कायद्यात आली आणि २०२३ मध्ये तशी योजना अधिसूचित झाली. पण मला पॅटमध्ये वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. तिथे न वाचवण्यालाही किंमत होती, आणि ती कुणाच्या तरी टेबलावर येऊन पडत होती. कपाटातला रिपोर्ट अचानक बाहेर निघायला तेवढं पुरतं.

अडचण अशी की ही शिस्त मोठ्यांपुरतीच. कापड उद्योगात बंधनकारक यादीत यायला २००७ च्या अधिसूचनेप्रमाणे वर्षाला ३,००० टन तेलाइतकी ऊर्जा लागायची. नुसत्या विजेत मोजली तर ती होते सुमारे साडेतीन कोटी युनिट. इचलकरंजीतल्या साध्या यंत्रमागवाल्याला हा आकडा ऐकूनच घाम फुटेल. कोल्हापूरच्या फाउंड्र्या तर त्या आठ क्षेत्रांत नव्हत्याच. म्हणजे जिथे विजेचं बिल मालकाच्या नफ्याच्या मानेवर बसलेलं असतं, तिथेच मागे लागणारं कुणी नाही. तिथे जे काही व्हायचं ते भिंतीच्या आतूनच व्हायला हवं.

आमच्या धंद्यातले लोक ह्यावर म्हणतात, सोपं आहे, सेन्सर लावा, डॅशबोर्ड द्या, माहिती मिळाली की माणसं आपोआप सुधारतात. माझा पगार ह्याच वाक्यावर निघतो, तरी सांगतो की हे अर्धसत्य आहे. काकांना ग्राफची गरज नव्हती. कोणत्या जॉइंटमधून हवा जाते हे त्यांना आमच्या सेन्सरच्या आधीपासून माहीत होतं. उलट डॅशबोर्ड चुकीच्या हातात गेला तर भीती वाढते. आता दाबही दिसतो, कोणत्या शिफ्टमध्ये पडला तेही दिसतं, म्हणजे झापायला पुरावा मिळाला. मग सेटिंग आठवर जाईल!

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. मशीन तासभर बंद राहिलं तर होणारं नुकसान विजेच्या बचतीपेक्षा मोठं असू शकतं, मग थोडी मार्जिन ठेवली तर काय बिघडलं? काहीच नाही. विमा काढणं हा गुन्हा नाही. फक्त हप्ता किती आहे हे माहीत असावं. ७५ किलोवॅटचा कॉम्प्रेसर वर्षाला ६,००० तास भरून चालला तर साडेचार लाख युनिट, म्हणजे ३६ लाख रुपये. दीड बार जास्तीच्या दाबाचे त्यातले दहा टक्के धरले तर हप्ता झाला वर्षाला ३ लाख ६० हजार. आता लांबच्या टोकाच्या त्या एका मशीनजवळ छोटी रिसीव्हर टाकी बसवायला किती लागतील ते विचारा. पाइप जाड करायला किती लागतील ते विचारा. बहुतेक वेळा स्वस्त विमा उपलब्ध असतो, पण हप्त्याचा आकडाच समोर नसल्यामुळे कुणी शोधत नाही. आणि हिशोब मांडल्यावरही साडेसातच योग्य ठरलं, तर आनंदाने ठेवा. तेव्हा तो विचार करून घेतलेला निर्णय असेल, आणि खाली कुणाची तरी सही असेल.

तर मला काय हवंय? फार मोठं काही नाही. पहिलं, ऑडिटच्या प्रत्येक शिफारशीपुढे परतफेडीच्या रकान्याशेजारी अजून एक रकाना असावा: 'हे करताना काही बिघडलं तर बोलणी कोण खाणार?' आणि त्या नावाच्या माणसाला, काही बिघडल्यास जबाबदारी माझी, असं प्लांट हेडने लेखी द्यावं. दाब एकदम दीड बारने उतरवू नका. आठवड्याला पाव बार उतरवा, लांबच्या टोकाला गेज लावा, कुठे थांबायचं ते मशीनच सांगेल. पण उतरवणाऱ्याच्या खिशात ती चिठ्ठी हवी.

दुसरं, ऑडिटरने रात्रपाळीत एक चक्कर मारावी आणि यंत्रं लावायच्या आधी माणसांशी बोलावं, तेही मॅनेजरला बाजूला ठेवून. 'कुठे वाया जातं' असं विचारू नये, त्याचं उत्तर 'कुठेच नाही साहेब' असंच येणार. 'कशाला हात लावायची भीती वाटते' असं विचारावं. माझ्या अनुभवात ह्या प्रश्नाला लोक अर्धा तास बोलतात, आणि शिफारशींची निम्मी यादी तिथेच तयार होते.

तिसरं, ऑडिटरच्या फीमधला काही हिस्सा सहा महिन्यांनी द्यावा, बचत मोजून. मोजायची ती त्या सरळ रेघेवरून, म्हणजे उत्पादन वाढलं-घटलं म्हणून खोटं श्रेय किंवा खोटा दोष कुणाला मिळणार नाही. 'सी' कमी झाला का, एवढंच बघायचं. आणि गुरुवारचे युनिट्स गेटजवळच्या बोर्डावर खडूने लिहायचे, कोणाचंही नाव न लिहिता. आकडा खाली आला तर त्यातले थोडे पैसे कॉम्प्रेसर रूमपर्यंत पोचवायचे. पेढे तरी!

ह्यात तंत्रज्ञान फारसं नाही हे मला कळतंय. पण कॉम्प्रेसरचं तंत्र जुनं आहे, गळतीचं सूत्रही जुनं आहे, कायदा होऊनही दोन दशकांच्या वर काळ लोटला. तरी गुरुवारी शेडमध्ये फुस्स आवाज येतोच. तेव्हा कमतरता ज्ञानाची नसावी.

सोमवारी ऑफिसला गेलात की एक करून बघा. आपापल्या कामातला असा एखादा आकडा शोधा, जो 'आधीपासून तेवढाच' आहे. तो कुणी ठरवला, कधी ठरवला हे विचारा. आणि बदलायचं धाडस कुणी करत नसेल तर त्याला आळशी म्हणायच्या आधी बघा, चुकल्यावर पहिला फोन कुणाला जातो ते.